आंगणात भुताचा पिच्चर : पडदा बांधण्यापासून माणसं घरी पोचवेपर्यंत

गेल्या पौषात काकांच्या आंगणात रानडुकराचा पिच्चर चालू होता. नऊला वावरातली लाइन येणार होती, म्हणून पहिल्या रांगेतले दोघं हरभऱ्याला पाणी द्यायला उठले. फाटकापर्यंत गेले, अंधारात जरा उभे राहिले आणि मुकाट्यानं परत येऊन सतरंजीवर बसले. "मोटर उद्या लावू," एवढंच एक जण बोलला. सहा हिवाळे मी गावात भुताखेतांचे आणि राक्षसांचे पिच्चर दाखवतोय. याहून मोठी शाबासकी मला अजून मिळालेली नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या अंगाला. हिवाळ्यात तीन-चार रात्री हा खेळ होतो. आजूबाजूच्या गावची पोट्टी विचारत असतात की कसं जमवता, कोणता पिच्चर लावता. दरवेळी फोनवर सांगून तोंड दुखतं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. शहरातला माणूस उजेडातून थिएटरच्या अंधारात शिरतो आणि परत उजेडात बाहेर पडतो. आपला माणूस अंधारातच बसतो आणि अंधारातूनच घरी जातो. वाटेत नाला असतो, तुरीचं वावर असतं, कुत्री भुंकत असतात. त्यामुळे शहरात चालणारी यादी इथं जशीच्या तशी चालत नाही. झुंबरं लटकलेली हवेली, लाकडी जिने, तळघर असलं काही लावलं की लोक विचारतात, "एवढ्या मोठ्या घरात राहाले गेलेच काऊन?" प्रश्न बरोबर आहे. ज्या जागेत पिच्चरातला राक्षस राहतो, तशा जागेत तुमच्या प्रेक्षकाला उद्या पहाटे जायचं असलं पाहिजे. माझी सगळी निवड या एका हिशोबावर चालते.

दिवस

कोजागिरीला करू नका. सगळे जमलेले असतात, दूध आटत असतं, मोह होतो. पण चांदण्यात पडदा धुऊन निघतो, शिवाय त्या दिवसांत किडे भिंगावर इतके येतात की नायिकेच्या गालावरून पाकोळी चालत जाते. अमावस्या सगळ्यात काळी, पण म्हातारी माणसं अवसेला घराबाहेर पडत नाहीत आणि पोरांनाही सोडत नाहीत. मी वद्य दशमी धरतो. अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्र उलटल्यावरच उगवतो, तोवर आपलं काम संपलेलं असतं. एकादशी टाळा, कारण उपासाच्या लोकांसमोर भजे तळणं बरं दिसत नाही.

महिना मार्गशीर्ष किंवा पौष. कापसाच्या वेचणीची घाई ओसरत आलेली असते, किडे नसतात. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, पावणेसातला गडद होतं. तेव्हाच सुरू करायचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो, आणि नियम नसता तरी दहाच्या पुढं निम्मी माणसं डुलक्या घेतात. पावणेसात ते दहा म्हणजे सव्वातीन तास. त्यात एक मोठा आणि एक आखूड पिच्चर बसतो.

कृषिपंपाची लाइन त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, तेही बघून घ्या. रात्रीची असेल तर गडी माणसं अर्ध्यातून उठतात. सगळेच काही फाटकावरून परत येत नाहीत.

पडदा आणि प्रोजेक्टर

सगळ्यात चांगला पडदा म्हणजे चुन्याची भिंत. गुळगुळीत ऑइलपेंटची नको, तिच्यावर मधोमध उजेडाचा गोळा चमकत राहतो. भिंत नसेल तर जाड पांढरी चादर घ्या. धोतर घेऊ नका. पहिल्या वर्षी आम्ही घेतलं होतं, अर्धा पिच्चर धोतरातून आरपार गोठ्यावर पडला आणि बैल रात्रभर उभे राहिले. चादरीच्या वर-खाली बांबू शिवून घ्या, चारी कोपरे सुतळीनं ताणा आणि मागे काळी घोंगडी किंवा ताडपत्री सोडा. त्यानं काळा रंग काळा दिसतो. भुताच्या पिच्चरात निम्मं काम काळ्या रंगाचंच असतं.

आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच चित्र साठ-सत्तर माणसांना पुरतं. प्रोजेक्टरच्या कागदावर थ्रो रेशो लिहिलेला असतो, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट लांब प्रोजेक्टर ठेवायचा तो आकडा. तो १.२ असेल तर आठ फुटी चित्रासाठी ९.६ फुटांवर प्रोजेक्टर ठेवायचा. आठ गुणिले १.२, एवढंच गणित. जागा आधी मोजा, नाहीतर प्रोजेक्टर नेमका चुलीवर येतो. ल्युमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, आकड्याला भुलू नका. खोक्यावर नऊ-दहा हजार छापलेलं असतं आणि उजेड मेणबत्तीचा असतो. मी स्वतः असा एक ऑनलाइन मागवून बसलोय, आता पोरं त्यावर सावल्यांचे खेळ करतात. 'एएनएसआय ल्युमेन' असं लिहिलेला आकडाच खरा धरायचा. अंधाऱ्या आंगणात तो पाचशेच्या पुढं असला की भागतं. खर्च टाळायचा असेल तर लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोराकडून एका रात्रीपुरता भाड्यानं आणा.

थंडीत एक भानगड होते. घरातल्या उबेतून प्रोजेक्टर बाहेर आणला की भिंगावर दव धरतं. वीस मिनिटं आधी बाहेर आणून ठेवा, पुसत बसू नका.

आवाज

पैसे कमी असतील तर चित्रावर वाचवा, आवाजावर वाचवू नका. भुताच्या पिच्चरात माणूस डोळे झाकतो, कान कोण झाकतो? भजनाचा भोंगा मात्र नको. भोंग्यातून किंकाळी निघते, पण जाडा, पोटात उतरणारा आवाज निघत नाही, आणि भीती तर त्या जाड्या आवाजातच असते. दोन बऱ्यापैकी स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. वायरनं जोडा. ब्लूटूथवर आवाज क्षणभर मागून येतो, मग माणूस पडतो आधी आणि ओरडतो नंतर. लोक हसतात, आणि एकदा हसले की त्या रात्री पुन्हा भेत नाहीत.

खाण्याचंही आवाजाशी नातं आहे. फल्लीच्या शेंगा राक्षसाच्या पिच्चरला चालतात, भुताच्या पिच्चरला नाही. साठ माणसं एकदम शेंगा फोडायला लागली की शेतात आग लागल्यासारखं वाटतं. भुताला चिवडा मुरमुऱ्यांचा, तोही सादळलेला असला तर उत्तम. भजे आणि चहा मधल्या सुट्टीत.

लाइन गेली तर

जाणारच, ती धरूनच चाला. एलईडी प्रोजेक्टर शंभर वॅट आणि स्पीकर साठ वॅट धरले तर एकशे साठ होतात. घरातली १५० एएचची (अँपिअर-तासाची) बारा व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. तिच्यातले निम्मेच वापरायचे म्हटलं आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा केलं, तर चार-साडेचार तास निघतात. म्हणजे अख्खी रात्र बॅटरीवर निघते. मी आता सुरुवातीपासून इन्व्हर्टरवरच लावतो. गावची लाइन गेली की आजूबाजूचे सगळे दिवे विझतात आणि आमचा पडदा तेवढा चालू राहतो. त्या वेळी आंगणात जी शांतता होते ती कोणत्याच दिग्दर्शकाला जमलेली नाही.

हक्कांचंही बोलून घेऊ. घरचे-शेजारचे मिळून बघणं वेगळं. दवंडी देऊन, तिकीट लावून गावाला दाखवायचं असेल तर ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची परवानगी लागते. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणून गावच्या मोठ्या कार्यक्रमाला जुने पिच्चर बरे पडतात.

पहिला पिच्चर : जमिनीखालून येणारा

नव्या गावात सुरुवात करायची असेल तर डोळे मिटून 'ट्रेमर्स' लावा. १९९० चा. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात चार घरांचं एक गाव आहे आणि जमिनीखालून बैलगाडीहून मोठ्या अळ्या माणसं ओढतायत. त्यांना डोळे नाहीत, जमिनीची थरथर कळते, एवढ्यावर सगळा खेळ आहे. आमच्या लोकांना तो का आवडला? त्यात कोणी मोठा शास्त्रज्ञ येऊन गाव वाचवत नाही. भूकंपाचा अभ्यास करणारी एक पोरगी आहे, तीही यांच्याइतकीच गोंधळलेली. नायक दोघं म्हणजे कुंपण दुरुस्त कर, कचरा उचल, संडासाची टाकी उपस अशी पडेल ती कामं करणारे. अशी दोघं प्रत्येक गावात असतात. आमच्याकडचे दोघं त्या रात्री पहिल्या रांगेत होते आणि पिच्चर संपेपर्यंत कॉलर ताठ करून बसले होते.

हा पिच्चर थांबवत-थांबवत दाखवा. माणसं छपरांवर अडकतात तिथं थांबवून विचारायचं, "आता काय कराल?" आमच्याकडे पंधरा मिनिटं वाद चालला. एक काका मागून ओरडले, "अबे, पयले मोटर बंद करा ना! मोटरच्या आवाजानंच येऊन राह्यलं ते!" पुढं पडद्यावर जवळपास तोच विचार निघाला, तेव्हा काकांना खांद्यावर घ्यायचंच बाकी राहिलं होतं.

दुसऱ्या खेपेला रानडुक्कर. 'रेझरबॅक', १९८४, ऑस्ट्रेलिया, दिग्दर्शक रसेल मल्केही. फार कोणाला माहीत नाही, मला मात्र फार प्रिय. माळरानावरच्या एका घरातून भलंमोठं डुक्कर म्हाताऱ्याचा नातू उचलून नेतं, आणि म्हाताऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, उलट त्यालाच कोर्टात उभं करतात. डुक्कर फारसं दाखवलेलंच नाही. धूळ, उजेडाचे झोत आणि गुरगुर दाखवली आहे. छायाचित्रण डीन सेमलर यांचं, पुढं त्यांना ऑस्कर मिळालं. ज्याचं सोयाबीन एका रात्रीत डुकरांनी लोळवलंय आणि पंचनाम्याला कोणी आलं नाही, त्याला हा पिच्चर समजावून सांगावा लागत नाही. लहान पोरांना मात्र बसवू नका.

याच भरात मी एकदा १९७२ चा 'नाइट ऑफ द लीपस' लावला. राक्षसी सशांचा. खेळण्यातल्या घरांमधून साधे ससे पळवून चित्रण केलंय आणि ते ससे काही केल्या गोंडसच दिसतात. पाचव्या मिनिटाला एक आबाजी उठले. "सशाले काय भेता बे, आमच्याकडचे रोही पाहा." रोही म्हणजे नीलगाय. आंगण रिकामं झालं. तरी वर्षातून एकदा हसायला म्हणून लावायला हरकत नाही.

हिचकॉकचा १९६३ चा 'द बर्ड्स' ज्वारीच्या पट्ट्यातल्या गावात चालतो. त्यात पार्श्वसंगीत नाहीच, यंत्रांवर बनवलेले पाखरांचे आवाज तेवढे आहेत. म्हणून वर म्हटलं तसे स्पीकर नीट लावा. "ह्याहीले गोफण माहीत नाही का?" हा प्रश्न येणार, तयारी ठेवा.

'जॉज'बद्दल मला शंका होती. १९७५ चा समुद्रातला शार्क आम्हा कोरडवाहू लोकांना काय समजणार? पण नदीवर जाळी टाकणारे आमच्यात आहेत. त्या पिच्चरचा यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्ग यांना तो लपवून ठेवावा लागला आणि माशाऐवजी पाण्यावर ओढत जाणारी पिवळी पिंपं दाखवावी लागली. आमच्या ढिवरांनी पहिलं पिंप बुडताना पाहिलं आणि सगळे एकदम पुढं सरकले. जाळ्याचा तरंगता डबा अचानक पाण्याखाली जातो तेव्हा खाली काय असू शकतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

सांगणारा माणूस शोधा

भाषेची अडचण सगळ्यात मोठी. पडद्याखालची अक्षरं म्हाताऱ्यांना वाचता येत नाहीत, पोरांना तेवढ्या वेगानं वाचवत नाहीत. डब केलेला मिळाला तर ठीक, पण त्यातली हिंदी कधीकधी भुताहून भयानक असते. आमचा उपाय म्हणजे सांगणारा माणूस. शेजारचे आबाजी तरुणपणी दंडारीत सोंगं घ्यायचे. त्यांना मी दोन दिवस आधी दुपारी पिच्चर दाखवतो आणि गोष्ट समजावतो. रात्री ते पडद्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि वऱ्हाडीत सांगत जातात. ही युक्ती काही माझी नाही. जपानमध्ये मूकपटांच्या काळात असे निवेदक असत, त्यांना बेन्शी म्हणत, आणि लोक नटांइतकेच त्यांच्या नावावर गर्दी करत.

आबाजींना एकच नियम सांगून ठेवलाय : भीतीच्या जागी गप्प बसायचं. पहिल्या वर्षी ते आधीच सांगून टाकायचे, "पाहा, आता मागून येते ते."

सांगणारा चांगला असला की मूकपट लावाच. १९२२ चा 'नोस्फेराटू', जर्मन, दिग्दर्शक मुर्नाऊ. ड्रॅक्युलाची गोष्ट परवानगी न घेता उचलली होती. लेखकाच्या बायकोनं कोर्टात खेचलं आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण बघतोय. मॅक्स श्रेक या नटाचे ते टोकदार कान, लांब नखं आणि जिन्यावर चढत जाणारी नुसती सावली, हे शंभर वर्षांनंतरही पुरून उरतं. तो राक्षस मातीनं भरलेल्या पेट्या घेऊन जहाजातून येतो. आमच्या काकूंनी विचारलं, "माती घेऊन काऊन फिरून राह्यला हा?" आबाजी क्षणभर थांबून म्हणाले, "त्याच्या गावची हाय, माय. त्याशिवाय त्याले झोप येत नाही." पुण्याला कामाला गेलेल्या पोरांच्या आया त्या रात्री जरा गप्पच होत्या. असं काही माझ्या मनातही नव्हतं.

या पिच्चरला भजनी मंडळाची पेटी आणि डफ घ्या. तालीम नको. पेटीवाल्याला एवढंच सांगा की राक्षस दिसला की खालचा सूर धरून ठेवायचा आणि भाता सोडायचा नाही.

ज्यांनी मला चकित केलं

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट', १९९९. तीन पोरं कॅमेरा घेऊन जंगलात जातात आणि हरवतात. भूत दिसतच नाही. मला वाटलं होतं लोक झोपतील. त्यातल्या एकानं नकाशा नाल्यात टाकला तेव्हा तर शिव्यांचा पाऊस पडला. मग ती पोरं दिवसभर एकाच दिशेनं चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच ओंडक्यापाशी येऊन पोचतात. आंगणात कोणीतरी हळूच म्हणालं, "चकवा लागला." झालं! पुढचा अर्धा तास कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. आमच्याकडे चकवा लागलेली दोन-तीन माणसं तरी आहेत, निदान ते तसं सांगतात. अमेरिकेतल्या पोरांनी चकव्यावर पिच्चर काढलाय हे मला वीस वर्षं कळलं नव्हतं. कॅमेरा फार हलतो, म्हणून चित्राची रुंदी सहा फुटांवर आणा, नाहीतर पुढच्या रांगेला मळमळतं.

दुसरा 'विय', १९६७, सोव्हिएत, गोगोलच्या गोष्टीवरचा. एका विद्यार्थ्याला मेलेल्या चेटकिणीच्या प्रेतापाशी देवळात तीन रात्री प्रार्थना म्हणायची आहे. तो खडूनं स्वतःभोवती रिंगण काढतो. ते रिंगण काय आहे हे समजावण्याची पाळीच आली नाही. सव्वा तासाचा आहे, दुसरा पिच्चर म्हणून अगदी मापात बसतो. तिसऱ्या रात्री भिंतींमधून जे काही बाहेर येतं ते आज पाहिलं तर जत्रेतल्या सोंगांसारखं वाटतं, आणि माझ्या मते म्हणूनच ते अंगावर येतं. संगणकावर बनवलेल्या भुताला वजन नसतं. सोंगाच्या आत माणूस आहे हे डोळ्याला कळतं.

म्हणून मला १९५४ चा 'गोजिरा'ही आवडतो, ज्याला आपण गॉडझिला म्हणतो. रबराच्या जड पोशाखात हारुओ नाकाजिमा हा नट चालायचा. ती डरकाळी संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामड्याचा हातमोजा डबल बासच्या तारांवरून घासून काढली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती, पिच्चरची सुरुवात त्या आठवणीतून झाली. पोरं राक्षसासाठी बसतात, त्यांना बसू द्या. जळत्या तोक्योत एक आई लेकरांना पोटाशी धरून म्हणते की आता आपण बाबांकडे जाऊ. तिथं आबाजींना गप्प बसायला सांगावं लागलं नाही. मूळ जपानीच मिळवा. अमेरिकेत १९५६ साली त्यात नवा नट घुसवून केलेली आवृत्ती फिरते, तिच्यात यातलं बरंच गळालंय.

मोठ्यांची रात्र

वर्षातून एक रात्र पोरांना आठला झोपवून मोठ्यांसाठी ठेवा. तिथं 'ओनिबाबा', १९६४, कानेतो शिंदो. युद्धाच्या काळातल्या सासू-सुना, माणसाहून उंच गवत आणि त्या गवतात एक खोल खड्डा. वाट चुकलेल्या सैनिकांना त्या मारतात, खड्ड्यात ढकलतात आणि त्यांची चिलखतं विकून धान्य घेतात. मग एक मुखवटा येतो. सासू तो सुनेला भेव दाखवायला घालते, पुढचं सांगत नाही. उघडी दृश्यं आहेत, म्हणून कोणासोबत बघायचा हे आधी ठरवा. आमच्याकडे बायकांनी वेगळा बघितला, पुरुषांना फाटकाबाहेर ठेवून. आतून हसण्याचे आवाज येत होते, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. वाऱ्यात हलणारं उंच गवत या पिच्चरात जेवढं बोलतं तेवढी माणसं बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी तुरीच्या ओळीतून जाताना मला ते आठवलंच.

मराठीत त्याच जातीचा 'लपाछपी', दिग्दर्शक विशाल फुरिया. उसाच्या फडाच्या मधोमध घर, गरोदर पूजा सावंत आणि गोड बोलणारी उषा नाईक. आमच्याकडे ऊस कमी, पण फडात शिरल्यावर दिशा कळत नाही हे पऱ्हाटीवाल्यालाही समजतं. त्यात भुतापेक्षा माणसांची भीती वाटते. बायका संपल्यावर बराच वेळ बोलत बसतात, चहा जास्त ठेवा.

'तुंबाड' २०१८ चा. सगळ्यांनी पाहिलेला असतो, तरी आंगणात पुन्हा बघा. मुसळधार पाऊस, पिठाची बाहुली, तळाशी बसलेला हस्तर. सोनं किती आणि कुठवर काढायचं, या प्रश्नावर आमच्याकडे सावकारीच्या इतक्या गोष्टी निघाल्या की दुसरा पिच्चर राहून गेला.

रामसे बंधूंना विसरू नका. नवरात्रात भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर यायचा, रात्रभरात तीन कॅसेटी चालायच्या आणि त्यात एक 'पुराना मंदिर' ठरलेला. १९८४ चा. त्यातला राक्षस म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल यांचा सामरी. आमच्या वर्गातल्या सगळ्यात उंच पोराला आजही सामरीच म्हणतात, त्याच्या लग्नपत्रिकेतलं नाव वाचून अर्धं गाव गोंधळलं होतं. पिच्चर मधल्या गाण्यांसाठी आणि विनोदासाठी फार लांबतो. ते भाग पुढं ढकला, तासाभराचा मस्त ऐवज उरतो.

क्रम लावणं

राक्षस आधी, भूत नंतर. राक्षसाच्या पिच्चरला लोक ओरडतात, एकमेकांना ढकलतात, मोकळे होतात. मग भजे-चहा. मग आखूड, शांत भुताचा. उलटं केलं तर भुतानं दबलेल्या लोकांना राक्षस पोरकट वाटतो.

पण भुतावर कधीच संपवायचं नाही. इथून माणसं तशीच उठून अंधारात जाणार असतात. शेवटची दहा मिनिटं, आवाज अगदी कमी करून, मी महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'तला एखादा तुकडा लावतो. १९९३ चा बाहुला आहे, रामदास पाध्ये यांनी बोलका केलेला. तात्या विंचू "ओम फट स्वाहा" म्हणाला की मांडीवर झोपलेली पोरंही उठून त्याच्या सुरात म्हणतात. माणसं हसत उठली की चपला सापडतात, सतरंज्या झटकल्या जातात.

घरी पोचवणं

ही पायरी गाळू नका. टिपेश्वरचं जंगल आमच्यापासून फार लांब नाही, आणि पांढरकवड्याच्या बाजूला २०१८ साली वाघिणीच्या भीतीनं गावं दिवेलागणीलाच दारं लावत होती. ज्या महिन्यात वाघाचे पगमार्क दिसले असतील त्या महिन्यात खेळ रद्द, चर्चा नाही. एरवीसुद्धा आंगणाच्या कडेनं दोन दिवे चालू ठेवा, बसायला ताडपत्रीवर सतरंजी, आणि लघवीला एकट्या पोराला पाठवायचं नाही.

जाताना वस्तीप्रमाणे टोळ्या करा. प्रत्येक टोळीत पुढं एक टॉर्च, मागं एक टॉर्च, आणि निघताना डोकी मोजायची. घरी पोचलं की एक मिसकॉल द्यायचा. मागचा टॉर्च कोण धरणार यावर दरवेळी भांडण होतं, म्हणून आता मी पिच्चर सुरू व्हायच्या आधीच चिठ्ठ्या टाकतो.

यंदा 'द थिंग' लावायचाय, कारपेंटरचा, १९८२ चा. बर्फात अडकलेली माणसं आणि त्यांच्यातच मिसळलेलं काहीतरी. सुरुवात एका पळत्या कुत्र्यापासून होते. मागच्या वर्षी घरी एकट्यानं लावून पाहिला, तर त्या कुत्र्याच्या आवाजावर गल्लीतली सगळी कुत्री गोळा झाली आणि पहाटेपर्यंत आमच्या फाटकाकडे तोंड करून भुंकत होती. पौष वद्य दशमीचं ठरतंय. काकूंनी चादर द्यायला होकार दिलाय, धुऊन परत करायच्या अटीवर.